शब्दकोश कोणी वाचला

धाकटीची साठी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरलीच्या मागून जन्माला आल्याचा तो शिक्का होता आणि पुसून टाकावा असं तिला कधी वाटलंही नाही. काम कवळ्या बनवायचं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. धाकटी त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासूनपुसून गुळगुळीत झालेली बत्तिशी डबीत भरून परत पाठवायची. हात कामात आणि तोंड रिकामं, त्यामुळे काम करता करता ती गोष्टी सांगत बसायची. ऐकायला नवरा असो, लेक असो की साचे घेऊन आलेला माणूस असो, गोष्ट फिरून फिरून एकाच ठिकाणी यायची. ती म्हणजे ग्रंथालयाच्या खिडकीतली.

धाकटी कॉलेजात होती तेव्हाची ही हकिगत. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारी बरीच मुलं तिथे होती, आणि कॉलेजने एकाएकी ठरवलं की ग्रंथालय दुपारीच बंद करायचं. म्हणजे ज्यांच्याकडे घरी पुस्तकं नाहीत त्यांनी वाचायचं कुठे? अर्ज झाले, विनंत्या झाल्या, कोणी दाद देईना. मग एका दुपारी बंद व्हायची घंटा वाजली आणि वाचत बसलेली मुलं उठलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना सामील व्हायला आणखी आली. आवारात पोलीस आले, फाटकावर नोटीस लागली की भाषण, सभा, घोषणा यांना बंदी. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की बंदी भाषणाला आहे, वाचायला थोडीच आहे? आणि एक मुलगी जाडजूड शब्दकोश काखेत मारून खिडकीच्या कट्ट्यावर चढली. हातात कर्णा. खाली पोलीस, वर ही, आणि तिने शब्द वाचायला सुरुवात केली. शब्द, अर्थ, शब्द, अर्थ. पोलिसांना कळेना हिला थांबवायचं कोणत्या कलमाखाली.

ती मुलगी धाकटी. निदान धाकटी तरी आजवर तसंच सांगत आली होती, आणि सांगताना तिच्या तळव्यांना कट्ट्याचा तो तापलेला दगड अजून जाणवायचा.

मिश्या नावाचा तिचा तेव्हाचा एक सोबती होता. आता मिशीही पांढरी झाली होती आणि त्याची वरची कवळी धाकटीनेच बनवलेली होती. तो एक दिवस तिच्याकडे एका तरुण मुलीला घेऊन आला. मुलगी ग्रंथपालाचं शिक्षण घेतलेली. चार-पाच जणांनी मिळून विद्यार्थ्यांच्या जुन्या चळवळींचा संग्रह उभा करायला घेतला होता, त्यातली धावपळ सगळी हिचीच. फोटो, पत्रकं, कापडी फलक, आणि मुख्य म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात. मिश्या तिला संग्रहवाली म्हणायचा, म्हणून धाकटीही तसंच म्हणू लागली. संग्रहवाली अगदी मऊ बोलायची, पण चिवट होती. कॉलेजकडे यातलं काहीच शिल्लक नाही, असं तिने सांगितलं. त्यांच्या शताब्दी अंकात त्या वर्षाच्या पानावर फक्त क्रीडास्पर्धा होत्या.

संग्रहाची जागा म्हणजे एक बंद पडलेली लॉन्ड्री. कपडे टांगायच्या लोखंडी दांड्या तशाच होत्या, त्यांच्यावर आता रंग उडालेले फलक वाळत घातल्यासारखे लटकत होते. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी इस्त्रीची टेबलं असत, तिथे भिंतींना गोधड्या लावून आवाज भरायची सोय केलेली. धाकटीने तिथे बसून सगळं सांगितलं, पाणी पिऊन पुन्हा सांगितलं. पोलिसांनी ग्रंथालयाचं दार फोडलं तेव्हा आपण ‘ग’ वाचत होतो, हेही सांगितलं. गडगडाट, गडप, गडबड. गडबड म्हणताच आतून मुलं खो-खो हसली आणि त्याच क्षणी दार पडलं.

संग्रहवालीने यंत्र बंद केलं, पण ती उठली नाही. टेबलावरच्या फोटोची कड सरळ करत बसली. फोटो त्या वेळच्या वर्तमानपत्रातला. खिडकी, खिडकीत मुलगी, आणि मुलीच्या तोंडावर आडवा आलेला कर्णा. चेहरा म्हणून काही दिसत नव्हता. एक वेणी आणि एक कुडता.

"काकू, तुम्हाला एक सांगायला हवं," ती म्हणाली. "हीच आठवण आमच्याकडे आधी एकांनी दिलीय. खिडकीत त्याच होत्या, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांची हरकत नाही, म्हणून नाव सांगते."

आणि तिने थोरलीचं नाव घेतलं.

धाकटीला आधी वाटलं, ही पोर कुठेतरी घोटाळा करतेय. थोरली तिथे नव्हतीच. थोरली तेव्हा शिक्षिकेचा कोर्स करत होती, तिचं लग्न जवळपास ठरलेलं होतं, वडिलांनी तिला त्या दिवसांत घराबाहेर पाऊल टाकायला मनाई केली होती. वडील त्याच कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क. पोरगी संपात दिसली असती तर त्यांची नोकरीच पणाला लागली असती. धाकटी स्वतः मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सटकली होती. हे सगळं तिने संग्रहवालीला सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली की थोरल्या काकूंनीही हुबेहूब हेच सांगितलं, फक्त उलट बाजूने. धाकटी तापाने घरी झोपली होती, आणि त्या स्वतः सार्वजनिक वाचनालयात पुस्तक परत द्यायचं आहे असं घरी सांगून निघाल्या होत्या.

घरी येईपर्यंत धाकटीचं डोकं भणाणून गेलं होतं. दोघी बहिणी एकाच शहरात राहत, दर रविवारी एकमेकींकडे जेवत, एकमेकींच्या औषधांच्या वेळा त्यांना पाठ होत्या. आणि एवढी मोठी गोष्ट दोघींपैकी एकीनेही दुसरीसमोर काढली नव्हती? मग तिच्या लक्षात आलं की खरंच काढली नव्हती. फोटो छापून आला त्या सकाळी वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घालून ते मांडीखाली ठेवलं आणि म्हणाले, या घरात हा विषय नको. बस्स, तो विषय तिथेच संपला. वडील गेले, आई गेली, घर विकलं गेलं, पण थोरलीसमोर तो विषय काढायला धाकटीची जीभ कधी रेटलीच नाही. थोरली जेवायला आली की खिडकीची गोष्ट आपोआप बाजूला पडायची. इतकी वर्षं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती थोरलीकडे गेली. थोरली भूगोल शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहायची, आणि तिच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. धाकटीने चहा होईपर्यंत दम धरला. मग विचारलं. थोरलीने कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की हो, खिडकीत मी होते, तुला माहीत असेलच असं मला वाटायचं. धाकटी म्हणाली, ताई, अगं मी होते. थोरली तिच्याकडे बघत राहिली. वर्गात एखाद्या मुलीने नकाशावर भलतीकडेच बोट ठेवलं की बघावं तशी.

मग खुणा पटवणं सुरू झालं. कट्ट्यावर चढताना उजव्या हाताचा गज सैल होता, हे थोरलीला माहीत होतं. ते धाकटीलाही माहीत होतं. कर्ण्याला गंजाचा वास होता, हे दोघींना माहीत होतं. कुडता पिवळा, आणि तो दोघींत मिळून एकच होता. ज्या दिवशी जिची पाळी तिने घालायचा. आता त्या दिवशी पाळी कोणाची, हे कोण सांगणार? आईने तर दुसऱ्याच आठवड्यात तो कुडता फाडून त्याची फडकी केली होती.

"अक्षर कुठलं होतं?" धाकटीने विचारलं. तिला वाटलं, इथे हिला पकडू.

"ढ," थोरली म्हणाली. "ढकलगाडी, ढकलणे, ढकलाढकली. खाली ढकलाढकली चाललीच होती. म्हणून तर सगळे हसले."

तो हशा धाकटीला इतका स्वच्छ ऐकू येत होता. आता त्याच हशाखाली दुसराच शब्द बसत होता, आणि बसतही होता चपखल.

मिश्याला विचारू, असं तिने ठरवलं. तो तिथे नक्की होता, त्याला तर पकडूनच नेलं होतं. मिश्या फोनवर ठासून म्हणाला की खिडकीत तूच होतीस, मी खालून तुझे पाय धरले होते. धाकटीचा जीव भांड्यात पडला. पण संध्याकाळी थोरलीचा फोन आला की मिश्याने तिलाही तेच सांगितलंय. धाकटीने त्याला पुन्हा फोन लावून झाडलं. तेव्हा तो गडबडला आणि म्हणाला, बाई गं, मी पाय धरले होते, मला पायच आठवतात. आणि वाचत होती ते अक्षर ‘म’ होतं, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो, कारण ‘मिशी’ हा शब्द आला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पुढचे काही दिवस धाकटीचे असे गेले की कामात चूक व्हायला लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या साच्यात तिने खालचे दात वर बसवले. ती एकटी असली की डोळे मिटून खिडकीत चढून बघायची. चढता यायचं. सैल गज हाताला लागायचा, ऊन लागायचं. पण आता मध्येच ती खाली गर्दीत उभी असायची आणि वरच्या मुलीची वेणी बघायची. हे दृश्य आधीपासून होतं की आता नव्याने शिरलं, हेच तिला कळेना. खालून वेणी दिसली याचा अर्थ आपण खाली होतो? की फोटो इतक्यांदा बघून आपण फोटो काढणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिलो?

नवरा म्हणाला, एवढं काय त्यात, झालं गेलं. पण त्यालाही तिने पहिल्या भेटीत हीच गोष्ट सांगितली होती आणि तो तिच्यावर भाळला होता तो त्या खिडकीमुळे, असं तोच चारचौघांत सांगायचा. धाकटीने त्याला त्याची आठवण करून दिली नाही.

शेवटी तिने मनाशी ठरवलं. थोरलीचं असं काय होतं? ना नवरा, ना मूल, शाळा सुटली ती कायमची सुटली. आपल्याकडे सांगायला पुष्कळ आहे. असू दे तिची खिडकी तिला. तिने संग्रहवालीला फोन करून सांगितलं की माझी आठवण काढून टाका, माझा गोंधळ झाला होता. संग्रहवाली म्हणाली की काकू, थोरल्या काकूंनी त्यांचीही कालच काढून घेतली. म्हणाल्या, धाकटी कॉलेजात असल्यापासून ती गोष्ट जपून आहे, तिची तिला राहू दे. "आता माझ्याकडे फोटो आहे, आणि फोटोत कोणीच नाही. तुम्ही दोघी एकदा या. एकत्र या."

त्या गेल्या. मिश्याही आला, कोणी बोलावलं नव्हतं तरी. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत दोघी शेजारी बसल्या, समोर यंत्र. आधी सरळ चाललं. संप का झाला, कोण कोण होतं, खायला काय मिळायचं. थोरलीने सांगितलं की ती मागच्या बाजूने, पुस्तकबांधणीच्या खोलीतून आत शिरली होती, आणि तिथे खळीचा इतका वास होता की मळमळलं. धाकटी चमकली. ती खोली बाहेरच्या माणसाला माहीत असणं शक्य नव्हतं. म्हणजे थोरली होती. नक्की होती. मग धाकटीने सांगितलं की दार पडल्यावर मुलींनी कपाटांमागे एकमेकींचे पदर-ओढण्या घट्ट धरून साखळी केली होती, आणि थोरलीने मान वर केली. तिच्याही नजरेत तेच होतं. दोघीही होत्या. एकाच खोलीत होत्या, आणि एकमेकींना दिसल्या नव्हत्या. की दिसल्या होत्या आणि वडिलांच्या भीतीने दोघींनीही न दिसल्यासारखं केलं होतं?

"घरी आल्यावर दार कोणी उघडलं?" धाकटीने विचारलं.

"आईने."

"मलाही आईने. काहीच बोलली नाही. पाणी दिलं."

"मलाही पाणीच दिलं," थोरली म्हणाली. "आईला दोघींचं माहीत होतं म्हणजे. तिला विचारायला हवं होतं."

"कधी विचारणार होतो?"

मिश्याने खोकून मध्येच सांगितलं की फोटो काळा-पांढरा आहे, तेव्हा कुडता पिवळा होता हे तरी कशावरून? दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर जाऊन फलक बघू लागला.

तो गेल्यावर यंत्राकडे न बघता, नेहमीच्या सरळ आवाजात थोरलीने जे सांगितलं ते धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. फोटो छापून आला त्याच दिवशी संध्याकाळी मुलाकडचे लोक घरी आले होते. धाकटीला शेजारी पाठवून दिलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र पुढे टाकलं आणि विचारलं, ही तुमची मुलगी का? वडील नाही म्हणत होते, आमची घरीच होती, असं शपथेवर सांगत होते. थोरली आतल्या दारात उभी होती.

"मी बाहेर आले आणि म्हटलं, हो, मीच," थोरली म्हणाली. "ते उठून गेले. ठरलेलं मोडलं. मला ते मोडायलाच हवं होतं. त्या माणसाशी एकदाच बोलले होते मी, आणि त्या एका बोलण्यात त्याने मला सांगितलं होतं की लग्नानंतर नोकरी वगैरे काही नाही."

"म्हणजे तू तेव्हा नुसतंच म्हणालीस? की खरंच..."

"तेच तर मला आता सांगता येत नाही. खरं होतं म्हणून हो म्हटलं, की हो म्हटलं म्हणून पुढे खरं झालं. मी आत होते, हे खरं. मला सगळं आठवतं. पण वडिलांसमोर तसं एकदा म्हटल्यावर ते खरं नसतं तर मी कसं जगले असते, धाकटे?"

धाकटीला एकदम आपलं आठवलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली तेव्हा फाटकाशी मुलांनी तिला उचलून घेतलं होतं, वाघीण आली म्हणून. तिने नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचं कारण नव्हतं म्हणून नाही म्हटलं नव्हतं, की नाही म्हणवलं नाही म्हणून? तिने तो क्षण धरून ठेवायचा प्रयत्न केला. खांद्यांवरून दिसणारी मुलांची डोकी दिसली. त्याच्या मागचं काही दिसेना. ते तिने यंत्रापुढे जसंच्या तसं सांगून टाकलं, आणि सांगून हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट पायाखालची पायरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं. थोरलीने तिचा हात हातात घेतला. तिला असं करायची सवय नव्हती, त्यामुळे तो बराच वेळ अवघडून तसाच राहिला.

संग्रहवालीने विचारलं की आता फोटोखाली काय लिहू. मग पुष्कळ चर्चा झाली. थोरलीचं म्हणणं, काहीच लिहू नको. मिश्याचं म्हणणं, दोघींची नावं लिही आणि खाली बारीक अक्षरात पाय धरणाऱ्याचंही. धाकटी म्हणाली, खिडकीत एकच होती, दोघी कशा लिहिणार? अखेर संग्रहवालीने आपल्या मनाने दोन ओळी लिहिल्या: ग्रंथालयाच्या खिडकीत शब्दकोश वाचणारी विद्यार्थिनी. दोन बहिणी त्या दिवशी आत होत्या. दोघींनाही आपण वाचल्याचं आठवतं. शिवाय दोघींचं एकत्र बोलणं कोणालाही ऐकता येईल अशी सोय केली. लिहिलेलं वाचून थोरली म्हणाली की यात व्याकरणाची चूक नाही, आणि तेवढ्यावर तिने होकार दिला.

संग्रह लोकांना पाहायला खुला झाला तेव्हा धाकटी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन गेली. थोरली आधीच येऊन एका दांडीखाली खुर्चीवर बसलेली होती, ओळखीचे-अनोळखी तिच्याभोवती जमले होते. लॉन्ड्रीत बरीच गर्दी होती. जुनी माणसं फोटोंपुढे उभी राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत होती, भांडतही होती, हा तू नव्हेस, हा तो, असं. लेक फोटोपुढे थांबली. लहानपणापासून तिला ही गोष्ट तोंडपाठ होती. तिने खालच्या दोन ओळी वाचल्या, मग कानाला यंत्र लावून आई आणि मावशीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि वळून आईकडे बघितलं.

"म्हणजे ती तू नव्हतीस?"

धाकटीने फोटोकडे पाहिलं. कर्णा, वेणी, कुडता. मागून थोरलीचा कोणाशी तरी बोलल्याचा आवाज येत होता.

"मी आत होते," ती म्हणाली. "एवढं अगदी नक्की."

"आणि खिडकीत?"

धाकटी बोलायला गेली, थांबली, पुन्हा बोलायला गेली. लेक वाट बघत होती. मग नवऱ्याने पुढून हाक मारली की इकडे या, इथे पोलिसांच्या गाडीचा फोटो आहे, त्यात मिश्या दिसतोय, आणि लेक तिकडे गेली.